खरोखर पडलेली आई

सुसाट गाड्या हाणणाऱ्यांची वकिली करून करून वकीलसाहेबांना माणसांचा वीट आला होता. जो तो हात जोडून सांगायचा, आई सीरियस होती हो. इतक्या आया आजारी असत्या तर दवाखान्यात उभं राहायला जागा उरली नसती. साहेब मनातल्या मनात शिव्या घालत आणि कोर्टात गहिवरून तेच सांगत.

हा नवा अशील मात्र चक्क खरं बोलत होता. शंभरच्या रस्त्यावर गड्याने दोनशेने गाडी पळवली होती, त्यामुळे दंडावर न भागता थेट फौजदारी लागली होती. पण त्याची आई खरोखरच बाथरूममध्ये पडली होती आणि तिनेच त्याला फोन केला होता. मोडलेल्या हाडाचा एक्स-रे साहेबांनी कोर्टापुढे असा धरला, जणू त्यांचीच आई पडली होती.

न्यायाधीशबाई विरघळल्या. चष्मा काढून त्यांनी आरोपीला विचारलं, "मग पोलिसांनी सोडल्यावर वेळेत पोहोचलात ना आईकडे?"

"नाही हो," तो म्हणाला. "चौकीवर इतका वेळ खाल्ला त्यांनी, डोकंच फिरलं माझं. तडक माझ्या घरी परत गेलो. तिच्याजवळ शेजारी होतेच की."

साहेबांनी एक्स-रे गुपचूप पाकिटात सरकवला. आजवरचे सगळे खोटारडे अशील त्यांना पहिल्यांदाच बरे वाटले. निदान त्यांच्या आया तरी धडधाकट होत्या.