कोरा मासा

“खात्री आहे, की वाटतं?”

चष्म्यावरून बघत मॅडम हे विचारायच्या. “मॅडम, बाटल्या सुकल्या,” म्हटलं तरी हेच. मग मी एकेक बाटली उजेडाला धरायची. दहांत एक ओली निघायचीच, आणि माझं तोंड एवढंसं व्हायचं.

यवतमाळच्या एका कॉलेजात मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होते. चाळिशी उलटलेली, आणि आपल्याला सगळं कळतं ही समजूत पक्की. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. धाडस असेल तर आरशातही.

त्या वर्षी बाजारात बोंब उठली. तळ्यावरची भोई मंडळी जिवंत मासे ड्रममधून आणत. वाटेत तडफडू नयेत म्हणून पाण्यात लवंगेच्या तेलाचं गुंगीचं औषध टाकत. कुणीतरी ते पाहिलं. झालं! “गुंगीचे मासे” म्हणून गिऱ्हाईक तुटलं. मासे विकणाऱ्या बायांची म्होरकी, सगळ्यांची काकू, मॅडमकडे आली.

“आमच्या माशात काही नाही, येवढं लिहून द्या मॅडम. सारी वस्ती बसून हाय.”

“आधी मोजते. मग लिहिते.”

माशाचं मांस बारीक वाटायचं काम माझं. मॅडम ते द्रावणात घोळवायच्या, गाळायच्या आणि शेवटी थेंबभर यंत्रात सोडायच्या. औषध असलं की पडद्यावरच्या सपाट रेषेतून सुळका उभा राही. जे नाकाला कळत नाही, जिभेला कळत नाही, ते ही बाई माशाच्या अंगातून ओढून काढायची! मी नुसती बघत राहायची.

फ्रीजमध्ये एक डबा होता, वर लिहिलेलं ‘कोरा’. औषध कधीच न लागलेला रोहू. मी विचार केला, यात काहीच नाही, तर मोजायचं काय? घरी नेला आणि झणझणीत रस्सा केला.

सकाळी मॅडम डबा शोधू लागल्या.

“त्यात तं काहीच नव्हतं ना मॅडम. वाया कायले घालवाचा?”

मी बोलणी खायला मान खाली घातली. मॅडम हळूच खुर्चीत बसल्या. “अहो बाई, काहीच नसलेला मासा यंत्राला कसा दिसतो, हेच माहीत नसलं, तर काही असलेला ओळखायचा कसा?”

मग म्हणाल्या, “रस्सा कसा झाला होता?”

“चांगला.”

“खात्री आहे, की वाटतं?”

त्याच दिवशी त्या एसटीने नेर गावाकडच्या एका शेततळ्यावर गेल्या आणि नवा कोरा मासा बर्फाच्या डब्यात मांडीवर घेऊन परतल्या. सगळं काम पहिल्यापासून. प्रत्येक मासा तीन-तीनदा.

शेवटी काकूच्या हाती कागद आला. आणल्या दिवशीच्या माशांत औषध सापडलं. दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवलेल्या माशांत आमच्या यंत्राला ते दिसलं नाही.

काकूचा चेहरा उतरला. “पयल्या दिवसाचं काहून लिवलं? अन् बाकीच्यात ‘नाही’ म्हणून सरळ लिवा ना!”

“सापडलं ते लिहिलं. दिसलं नाही, ते दिसलं नाही म्हणून लिहिलं. यापुढे एक अक्षर नाही लिहिणार.”

“आमच्या लेकरायनं खावं काय, मॅडम?”

मॅडमनी पेन उचललं. पण त्याचं टोपण निघालं नाही. एक शब्द बदलला तर हिचं काय जातं, असं माझ्या मनात आलंच. हो, मीच ती. रस्सावाली.

काकूने नाइलाजाने मासे दोन दिवस टाकीत ठेवले आणि कागद टाकीवर चिकटवला. मीही बघायला गेले. लोक वाचायचे आणि पुढे जायचे. मग एका म्हाताऱ्याने तो कागद मोठ्याने, सावकाश वाचला.

“पयल्या दिवशी राह्यते, हे सोताच सांगून राह्यले,” तो म्हणाला. “मंग दुसरं खोटं कायले सांगतीन? दे मले एक.”

त्याच्या मागून आणखी एक पिशवी पुढे आली. मग तिसरी.

मी हे मॅडमना सांगितलं. त्या उठल्या. बेसिनपाशी जाऊन माझ्या वाट्याच्या बाटल्या धूत बसल्या, किती तरी वेळ, पाठ फिरवून.

मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, त्यालाही वर्षं झाली. परवा मासे आणायला गेले तर काकूच्या जागी तिची सून. मी टाकीतल्या एका टपोऱ्या रोहूकडे बोट दाखवलं.

“तो नाही, आजी. कालच आला तो. उद्या या.”

“अवं, मी वळखीची व्हय. दे ना.”

“वळखीचे असा, नाही तं परके. उद्या.”

“हा नेम कोनं घातला वं?”

“कोनाले माहीत! आमच्यात असंच करतात,” ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली.