बडी बहनजी आणि आम्ही बिघडलेल्या पोरी

आम्ही तिघी भेटलो की शाळेच्या गोष्टी निघतातच. एकीची संपत नाही तोवर दुसरीला आणखी एक आठवते, आणि समोरचा चहा थंड! परवा मदन महल मोहल्ल्यात शैलाकडे बसलो होतो. मी, शैला आणि गढा मोहल्ल्याची रज्जो. शैलाची सून आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही शाळेत गेल्या होत्या की जेलमध्ये?"

रज्जो म्हणाली, "बेटा, जेल में मुलाकात का दिन तो होता है!"

*

आमची मुलींची हिंदी शाळा दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वसाहतीला लागून होती. आमचे वडील फॅक्टरीत, शेजारचे फॅक्टरीत, सगळं जगच फॅक्टरीत. तेव्हा लढाई सुरू होती. वडील ओव्हरटाइम करून यायचे आणि जेवता जेवता पेंगायचे. त्याच वर्षी आमच्या शाळेत नव्या हेडमिस्ट्रेस आल्या. सगळे त्यांना बडी बहनजी म्हणायचे. उंच, कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि हातात शिसवी रूळ. आल्या दिवशीच सांगून टाकलं, "ये स्कूल नहीं, मोर्चा है!"

मग काय, प्रत्येक शिक्षा या मोर्च्याच्या, म्हणजे लढाईच्या आघाडीच्या, नावावर. प्रार्थनेत कुणी हललं की सगळा वर्ग उन्हात उभा. "सरहद पर जवान खडा है, तुम खडी नहीं रह सकतीं?"

एकदा असंच उभं केलेलं. शैलाचा भाऊ खरोखरच फौजेत होता. तिनं हात वर केला. "बहनजी, भैया छुट्टी पे आए थे. बोले, जवान बैठता भी है. चाय भी पीता है."

रूळ पडला तिच्या तळहातावर. चांगला सपकन. शैलानं हात झटकला, फ्रॉक सावरला आणि खाली मातीत बसली. मग मी बसले. मग सगळा वर्ग बसला. एकटा रूळ तेवढा उभा!

*

बडी बहनजींना मराठीचा फार राग. शाळेत तोंडातून मराठी शब्द निघाला की रूळ. मी गणित करताना मनातल्या मनात "बे एके बे" म्हणायची, पण ओठ हलायचे. त्यांनी पकडलं. बोटांच्या पेरांवर एक बसला तशी मी ओरडले, "आई गं!"

"फिर मराठी?" म्हणून दुसरा बसला.

घरी आईनं बोटांना हळद लावली. "काहून मारलं?" विचारलं. मी सांगितलं, की रडल्याबद्दल. म्हणजे, मराठीत रडल्याबद्दल!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रज्जोनं ही गोष्ट वर्गभर केली. सुट्टीनंतर मार खायची पाळी रज्जोची. घरी तिच्या ठेठ बुंदेली. रूळ पडला तशी ती ओरडली, "आई गं!" पाठोपाठ एका बंगाली मुलीला बसला. "आई गं!" मग केरळच्या सूसम्माला. "आई गं!" तिचा उच्चार तर माझ्यापेक्षा शुद्ध!

बडी बहनजी बघतच राहिल्या. शेवटी रूळ टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पूरी क्लास मराठी हो गई?"

*

शाळेच्या मैदानात खंदक खणलेले होते. सायरन वाजला की त्यात जाऊन पालथं पडायचं, असा सरकारी हुकूम होता. पण पाळी बदलताना फॅक्टरीचा भोंगाही वाजायचा. भोंगा आम्ही जन्मापासून ऐकलेला, त्यामुळे दोन्हींतला फरक आम्हाला ठाऊक. बडी बहनजी मात्र बाहेरगावच्या.

त्या दिवशी सूसम्माला मैदानावर मुर्गा बनवलं होतं. पायांखालून हात घालून, कान धरून ती पोर कधीची वाकलेली. तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला. शैला किंचाळली, "हमला! बहनजी, लेट जाइए!"

सूसम्माला ओढत आम्ही सगळ्या खंदकात. बडी बहनजीही धावल्या. आदल्या रात्री पाऊस झालेला, खंदकात चिखल. त्या इस्त्रीच्या साडीसकट पालथ्या!

डोकं वर करून विचारलं, "कब तक लेटना है?"

शैला गंभीरपणे म्हणाली, "जब तक हुकुम नहीं आता."

*

रविवारी बडी बहनजी मुलींना आपल्या क्वार्टरवर बोलवायच्या. गहू निवडायला, पाणी भरायला. नाही गेलं की सोमवारी मार. वडील म्हणायचे, "जाऊ दे तिला. साहेब लोकांत उठबस आहे त्या बाईची. उद्या आपलं क्वार्टर काढून घेतलं तर?"

आई मात्र त्या रविवारी माझ्याबरोबर निघाली. सोबत शेजारच्या दोघी. तिघी थेट बडी बहनजींच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. आईनं सूप ओढलं आणि आपल्या हिंदीत म्हणाली, "गहू निवडके पोरगी पास होती क्या? नहीं ना? तो उसको हिसाब सिखाओ. गहू हम निवडते. तुम चाय रखो."

बडी बहनजींनी चहा ठेवला. त्यानंतर रविवारचं बोलावणं कुणालाच आलं नाही. वडिलांना मात्र पुढं कितीतरी दिवस धाकधूक होती!

*

रुळाच्या जोडीला बडी बहनजींकडे एक कात्रीही असायची. आता ती शाळेतून कशी गेली, ते सांगते.

वेणीला लाल रिबन हवीच, हा नियम. रज्जोचे वडील गढ्याला सायकली दुरुस्त करायचे, घरात पाच बहिणी. रिबन कुठून येणार? ती वेणी जुन्या ओढणीच्या चिंधीनं बांधायची. वेणी मात्र अशी, की कमरेखाली. एका सकाळी प्रार्थनेत बडी बहनजींनी सगळ्यांसमोर ती वेणी मानेपासून कापली. कचकच आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. रज्जो रडली नाही. तिनं वेणी उचलली, धूळ झटकली आणि दप्तरात ठेवली.

त्याच आठवड्यात फॅक्टरीच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी शाळेत आल्या. जवानांसाठी प्रत्येक मुलीनं काहीतरी द्यायचं होतं. आम्ही एकेक करून टेबलापाशी गेलो. कुणी ऊन, म्हणजे लोकर, आणून घरी विणलेले मोजे ठेवले, कुणी मफलर, कुणी साबणाची वडी. बडी बहनजी बाजूला हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या.

रज्जोची पाळी आली. तिनं दप्तर उघडलं आणि वेणी टेबलावर ठेवली. चिंधीसकट.

बाई दचकल्या. "ये क्या है, बेटी?"

रज्जो ताठ उभी राहून म्हणाली, "हमारे घर में ऊन नहीं था, मेमसाब. बडी बहनजी ने जो काट के दिया, वही लाए हैं."