पंचफुलाचा नाकतोडा

बहात्तरच्या दुष्काळात चाकूरजवळ पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा पंचफुला बावीस वर्षांची होती. घरात ती आणि तिची माय धुरपताबाई, दोघीच. माय खडी फोडायची, ही मातीच्या पाट्या उचलायची. सातवीपर्यंत शिकलेली होती आणि गावच्या विहारात वंदनेनंतर गाणी म्हणायची, म्हणून कामावर सगळे तिला 'गाणारी' म्हणत.

जानेवारीत एक दिवस तलावावर निळी गाडी आली. मजुरांच्या लेकरांना सुकडी वाटणारी एक परदेशी मदतसंस्था होती, तिची गाडी. आत पडदा, मशीन, रिळांचे पत्र्याचे डबे आणि उदगीरकडचे शिवप्पा नावाचे ऑपरेटर. त्यांनी सिमेंटच्या शेडला पोती लावून अंधार केला आणि जेवणाच्या सुट्टीत पिक्चर सुरू झाला.

पिक्चर चित्रांचा होता. हातानं काढलेली चित्रं, पण चालणारी, बोलणारी. गवतात राहणारा एक कोवळा हिरवा नाकतोडा. माय हाका मारते, तो ऐकत नाही, टुणकन उडी मारून रस्त्यापलीकडं जातो. पुढं त्याला भुंग्यांचा बँड भेटतो, कुणाच्या तरी सारंगीत तो अडकतो, काचेच्या बरणीत सापडतो, तिथूनही निसटतो. आणि जरा कुठं काही झालं की गाणं. चाल लगेच ओठावर बसेल अशी, पण शब्द एकही कळेना. हिंदी नव्हे, तेलुगू नव्हे, साहेबाची इंग्रजीही नव्हे.

"हे आपल्याला कशाला दाखवायलेत?" एक म्हातारा उठून उभाच राहिला. "टोळधाड येणार हाय का काय?"

"रानात काडी न्हाई, टोळ येऊन काय दगड खाईल?" दुसरा ओरडला. पण तोवर चारदोन बाया घाबरून बाहेर निघाल्याही होत्या.

शिवप्पांनी मशीन थांबवलं. "बाबांनो, मला बी भाषा येत न्हाई. डब्यावर काय लिव्हलंय ते बी वाचता येत न्हाई. मी निस्ता चालवतो. कुणीतरी समजावून सांगा की."

मुकादमानं पंचफुलाकडं बोट दाखवलं.

"मलाच कळंना, मी काय सांगू?" ती म्हणाली.

"दिसतंय ते सांग, बाई," शिवप्पा म्हणाले आणि त्यांनी माईक तिच्या हातात दिला.

तिनं सांगायला सुरुवात केली. नाकतोडा पाणी शोधायला निघालाय, असं तिनं आपल्या मनानंच ठरवलं, कारण त्या वर्षी घरातून निघालेलं प्रत्येक माणूस पाण्यासाठीच निघत होतं. लोक बसले. हसायच्या जागी हसले. मग तिसऱ्या डब्यात एक अवघड जागा आली. नाकतोडा एका काडीला उलटा लटकलेला, अंधारून आलेलं, मागं एका बाईचं संथ गाणं. त्याची पाठ उकलली. तेवढ्यात रीळ संपलं. चौथं सुरू झालं तेव्हा काडीवर नुसतं पोकळ टरफल होतं आणि पंख असलेला, तपकिरी, वेगळ्याच आवाजाचा एक नाकतोडा उडत निघाला होता.

पंचफुलानं माईक तोंडापासून लांब धरला. हा तोच की दुसरा? शेडमधले सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"मेला," ती म्हणाली. "आता ह्यो त्याचा भाऊ निघालाय."

"भाऊ कुठला?" धुरपताबाई पुढून ओरडली. "कात टाकली त्यानं. ज्वारीच्या पानाला चिकटलेली असती, मी शंभरदा बघितली!"

"मग आवाज कसा बदलला, माय?"

वाद मिटला नाही. दुसऱ्या दिवशी पाट्या उचलताना अर्धे लोक 'मेला' म्हणत होते, अर्धे 'न्हाई'. दोन्हीकडचे लोक पंचफुलालाच विचारायचे, आणि तिला खरंच ठाऊक नव्हतं.

संस्थेच्या साहेबांना कळलं, की या बाईमुळं लोक शेवटपर्यंत बसतात. त्यांनी तिला गाडीबरोबर यायला सांगितलं. "पोरीला एकटीला पाठवणार न्हाई," म्हणत धुरपताबाईही गाडीत चढली. पावसाळ्यापर्यंत तिघं दुष्काळी कामांवर फिरली, पार नांदेडकडच्या बाजूला गेली. पिक्चर किती वेळा बघितला त्याला गणती नाही, पण बघून बघून पंचफुलाचा गोंधळ वाढतच गेला. कधी तिला टरफलात डोळे दिसायचे, कधी दिसायचे नाहीत.

नायगावला खेळ संपल्यावर गौरम्मा नावाची एक बाई तिचा हात धरून बाजूला घेऊन गेली. देगलूरकडची होती. तिचा मुलगा कामासाठी हैदराबादेला गेला होता, सहा महिने पत्ता नव्हता.

"खरं सांग बाई, तो नाकतोडा मेला न्हाई ना?"

पंचफुलानं नुकतंच माईकवर 'मेला' म्हणून सांगितलं होतं. "न्हाई अक्का," ती म्हणाली, "माझीच चूक झाली. त्यानं कात टाकली. त्योच पुढं गेला."

गौरम्मानं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली. त्या दिवशी पंचफुला जेवली नाही. आपण त्या बाईला खोटं सांगितलं, की आधी शेडभर लोकांना खोटं सांगितलं होतं? पुढचा खेळ इस्लापूरला होता. तिथं तिनं 'कात टाकली' म्हणताच एकानं तावातावानं विचारलं, "जिता हाय तर मागं काडीवर ते काय लटकलंय?" आणि ती घाबरून पुन्हा 'मेला' म्हणाली.

पाऊस पडला, कामं बंद झाली, गाडी गेली. पंचफुला मायला घेऊन लातूरला आली आणि एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. मी त्याच बालवाडीत शिक्षिका होते. नाकतोड्याची गोष्ट मी तिच्याकडून दोन्ही तऱ्हांनी ऐकली आहे. पोरांनी 'मेला का?' विचारलं, की ती म्हणायची, "उद्या सांगते."

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गावात कमानी लागल्या, आणि पंचफुला कायम होण्याचा अर्ज भरत बसली होती. जन्माचा जिल्हा या रकान्यात तिनं उस्मानाबाद लिहिलं. कारकुनानं ते खोडून लातूर केलं. दुसऱ्या कारकुनानं पुन्हा उस्मानाबाद केलं, कारण जन्मली तेव्हा तोच होता. "ताई, मी नेमकी कुठली?" तिनं मला विचारलं.

नव्या जिल्ह्याच्या निमित्तानं शाळाशाळांत कार्यक्रम होते. शिवप्पा तेव्हा लातूरच्या एका टॉकीजमध्ये कामाला होते. संस्थेनं जाताना जुनं मशीन आणि डबे त्यांच्याकडंच सोडले होते. एका सकाळी ते बालवाडीत आले आणि पंचफुलाला म्हणाले, "बाई, पोरांना नाकतोडा दाखवू या का?"

पोरांचे आईबाप जमले. त्यांत मन्मथ नावाचे एक इंजिनिअर होते. कारखान्यानं त्यांना दोन वर्षं परदेशी शिकायला पाठवलं होतं. पहिलंच गाणं लागलं आणि ते हसायला लागले. त्यांना ती भाषा येत होती.

पंचफुलानं माईक खाली ठेवला आणि ती सरळ त्यांच्याकडं गेली. "साहेब, तिसऱ्या डब्यात तो मरतो का?"

"मरत नाही," ते म्हणाले. "कात टाकते. मोठी होते, म्हणून आवाज बदलतो."

"मोठा होतो म्हणा."

"नाही बाई, ती मुलगी आहे. त्या भाषेत क्रियापदावरून कळतं. आणि पाणीबिणी शोधत नाही ती. गाणं शिकायला निघालीय."

पंचफुला आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दहा वर्सं मी तिला पोरगा करून ठेवलं," ती मला म्हणाली. "आन् गौरम्माला सांगितलं तेच खरं निघालं. पण इस्लापूरच्या लोकांना आता कोण सांगणार?"

तिनं खरोखर इस्लापूरच्या सरपंचांना कार्ड लिहिलं: बहात्तरच्या दुष्काळात कामावर दाखवलेल्या पिक्चरमधला नाकतोडा मेलेला नव्हता आणि ती मुलगी होती, कृपया गावाला कळवावे. उत्तर आलं नाही. सरपंचांना काय वाटलं असेल, देव जाणे.

मन्मथरावांनी सगळी गाणी मराठीत लिहून देतो म्हणून कबूल केलं होतं, पण त्यांची बदली झाली. महिन्यानं टपालानं दोनच गाणी आली. शब्द चालीत बसत नव्हते. काही ओळींचा अर्थ आम्हा दोघींनाही लागला नाही आणि एका शब्दापुढं त्यांनीच प्रश्नचिन्ह घातलं होतं. पंचफुलानं ती तशीच पोरांना शिकवली. प्रश्नचिन्हाची जागा आली की ती शब्दाऐवजी नुसतं गुणगुणायची, आणि पोरं तिथं सगळ्यात मोठ्यानं गायची.