देवदाराचा भुसा

उंदराची मान मोडायला दोन बोटं पुरतात. हे मला मामांनी शिकवलं, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, आणि शिकवून झाल्यावर माझ्यासाठी चहा आणला. नात्याने ते माझे कुणी नव्हते. प्रयोगशाळेतली प्राण्यांची खोली तीस वर्षं सांभाळणाऱ्या त्या किडकिडीत माणसाला सगळेच मामा म्हणायचे. यकृत काढायचं असलं की मात्र उंदीर जिवंत लागायचा. तिथे मामांचा हट्ट होता, मरायचं तर झोपेत. गुंगीचं इंजेक्शन ते स्वतः द्यायचे, निपचित उंदीर माझ्या टेबलावर ठेवायचे आणि दार ओढून निघून जायचे. पोट मी फाडायचे. ते त्यांनी कधी पाहिलं नाही.

एका सकाळी पोट उघडलं आणि उंदीर उठला. आतडी लोंबत टेबलभर धावला, माझ्या अंगठ्यात दात रुतवले, आणि काय किंचाळला! मी त्याला ट्रेखाली चिरडलं. दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी आणखी दोन उठले. आठवड्याभरात माझा एप्रन खाटकाचा झाला. मामांना सांगितलं नाही, म्हातारा खचेल म्हणून. एरवी तोंडाची फटकळ बाई मी, नेमकी तिथे गप्प बसले.

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे साहेब, हे कानावर गेल्यावर गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. मामा औषधात पाणी घालतात आणि उरलेलं नशेबाजांना विकतात, असा त्यांनी निकालच लावला. मामांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं, सगळ्यांसमोर मुस्कटात भडकावली. ओठ फुटला. पेन्शनला अकरा महिने उरले होते आणि साहेब बडतर्फीचा कागद टाइप करायला बसले. माझं डोकंच फिरलं. यकृतांनी भरलेला ट्रे मी त्यांच्या टेबलावर आदळला. म्हटलं, आधी ही बघा, मग माणसावर हात उचला.

यकृतं फुगली होती. वजनं माझ्या वहीत होती. दोन महिन्यांत बदललं होतं एवढंच, की पिंजऱ्यात कागदाच्या कात्रणांऐवजी देवदाराचा भुसा आला होता. मामांनीच भाच्याच्या सुतारखान्यातून आणलेला, मऊ आणि सुवासिक. बिचाऱ्यांना मरेपर्यंत तेवढंच सुख, म्हणायचे.

मी साहेबांसमोर एकाच बाटलीतलं औषध देवदारावरच्या उंदरांना आणि नुकत्याच आलेल्या, अजून कागदावरच असलेल्या उंदरांना टोचलं. कागदावरचे चाळीस मिनिटं झोपले. देवदारावरचे पंधरा मिनिटांत उठून चावायला लागले.

साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांनीच मामांना बोलावून समजावलं. यकृताच्या पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं. लाकडातल्या रसायनांची चाहूल लागली की ते केंद्रकात शिरतं, जनुकांवर जाऊन बसतं आणि औषधं फोडणारी विकरं वाढवायला लावतं, त्यानेच यकृत फुगतं. मग गुंगीचं औषधही झपाट्याने फुटून जातं. तुमची लबाडी नव्हती, नोकरी शाबूत आहे, म्हणाले. माफीसुद्धा मागितली.

मामा माझ्याकडे वळले. "किती उठले?"

खोटं बोलता आलं असतं. "एकतीस," म्हटलं.

"पोट फाडल्यावर?"

"हो, मामा."

त्यांनी खोलीची किल्ली साहेबांपुढे ठेवली. "तो कागद पुरा करा, साहेब."

मी फाटकापर्यंत मामांच्या मागे त्यांना शिव्या देत गेले, अकरा महिने कसेही काढा म्हणून हात जोडले. ते थांबले नाहीत.