मालकाच्या घरचं पोतं
धान उकडल्याची ती ओलसर, गरम वाफ नाकात शिरली की मला एक दुपार आठवते. गोंदियातल्या आमच्या घरामागेच राईस मिल होती आणि बाबा तिथे मशीन चालवायचे. मी घरी बसून, जगभरातले लोक मिळून लिहितात अशा एका मुक्त सॉफ्टवेअरचं काम बघत होतो; कुणाचा कोड आत घ्यायचा ते मीच ठरवायचो. नवी आवृत्ती चार दिवसांवर आली होती. आता फक्त चुका दुरुस्त करायच्या, नवं काही घ्यायचं नाही, असं मीच जाहीर केलं होतं. जगभरातून आलेला नवा कोड रांगेत थांबला होता. त्यात माझाही होता, मराठी शब्द शोधायची सोय देणारा, आणि तेवढा गुपचूप आत घ्यावा असं मनात घोळत होतं. बाबा जेवायला आले. "काऊन गप बसून राहिला?" मी रांगेचं सगळं सांगितलं, माझं तेवढं सोडून. हात धुता धुता ते म्हणाले, "आमच्या इथं बी एक लॉट निघेपर्यंत दुसरा धान मशीनीत नाई जात. मालकाच्या घरचं पोतं असलं तरी बाहेरच." ताटावर बसण्याआधी मी रांगेतल्या प्रत्येक कोडवर ‘पुढच्या आवृत्तीत’ अशी खूण केली. आजही कुणी "माझंच काऊन थांबवलं?" म्हणून भांडायला आलं, की मी वाद घालत नाही, त्या दुपारी थांबवलेल्यांची ती जुनी यादी उघडून देतो. तिच्यात पहिलं नाव माझं आहे.