समैस्म्याचा बॉयलर आणि आक्कांचा नेम

चांगल्या इंधनाची राख चिमूटभर उरते, असे आमचा विनायक सांगतो. आमच्या भजनी मंडळींनी त्याच्या बॉयलरला जे जे खाऊ घातले, त्याची राख मात्र घमेल्याने काढावी लागली; आणि किस्से तर आम्ही अजून काढतोच आहोत!

विनायक मूळचा नाशिकचा. येथे आखातात गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर आणि राहायला समैस्म्याला, अगदी समुद्राच्या अंगाला. युरोपातली नोकरी संपवून येताना त्याने सामानाबरोबर एक बॉयलर आणला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या त्यात जळतात. त्यांना पेलेट म्हणतात. तापलेले पाणी नळ्यांतून फिरते आणि दिवाणखान्यात ऊब येते.

"गॅसच्या देशात येऊन लाकूड जाळणारा एकच इंजिनिअर देवाने घडवला, आणि तोही माझ्या पदरात टाकला!" ही त्याच्या पत्नीची, सुनंदाची, टिप्पणी.

परंतु आजवर खोक्यातच पडून राहिलेला बॉयलर यंदा बसवायला हवाच होता, तो आक्कांसाठी. आक्का विनायकच्या मातोश्री. वयाने आम्हा सर्वांत ज्येष्ठ. धनुर्मासात आम्ही पहाटे त्यांच्याकडे, दारे-खिडक्या लावून, भजनाला जमतो. गतवर्षी समुद्रावरच्या वाऱ्याने फरशी अशी गारठली की आक्कांचे गुडघे धरले आणि त्यांचा नेम अर्ध्यावर मोडला. विजेच्या हीटरने त्यांना खोकल्याची उबळ येते.

"यंदा भोगीच्या नैवेद्यापर्यंत एकही पहाट चुकवायची नाही," आक्कांनी जाहीर केले. त्यांनी पदर खोचला म्हटल्यावर आम्हीही कंबर कसली.

पहिल्याच दिवशी विनायकने आम्हा म्हाताऱ्यांना बॉयलरसमोर उभे करून बजावले, "यात फक्त कोरडे, स्वच्छ लाकडाचे पेलेट. दुसरं काहीही नाही. कळलं?"

आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. भजनी माणूस मान फार सहज डोलावतो!

*

आमचे नाना निवृत्त मुख्याध्यापक, अल अझीझिया वस्तीत माझे शेजारी. सोवळ्याओवळ्याचे कडक. नैवेद्याच्या नारळांच्या करवंट्या वाया जातात हे त्यांना पाहवेना. त्यांनी त्या फोडून गुपचूप पेलेटच्या टाकीत सोडल्या.

भूपाळी रंगात आली असता बॉयलरमधून कर्रर्र असा स्वर निघाला. इंधन पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा करवंटीत अडकून बसला होता. विनायक ऑफिसच्या कपड्यांतच फरशीवर आडवा झाला.

"नाना, अहो, हा गावचा बंब नाही!"

"आमच्या बंबात करवंट्या चालायच्या, गोवऱ्या चालायच्या, एकदा तर जुनी चप्पलसुद्धा चालली होती," नाना शांतपणे म्हणाले. "तुझ्या बॉयलरला दात नाहीत, एवढंच कबूल कर!"

*

पुढे पेलेट संपले. फरीज बिन ओमरान या वस्तीत इब्राहिमभाईंचे दुकान आहे. माणूस रत्नागिरीचा, शब्दाचा पक्का. त्यांना फोन केला, तर संध्याकाळच्या आत पोती दारात!

दुसऱ्या दिवशी पहाटे अभंग सुरू झाला आणि दिवाणखान्यात एक अपरिचित दरवळ पसरला. नानांनी नाकाला रुमाल लावला. आक्का मात्र डोळे मिटून गात होत्या.

इतक्यात दारावर थाप पडली. शेजारचे अबू खालिद फज्रची, म्हणजे पहाटेची, नमाज आटोपून घरी चालले होते. त्यांनी आत डोकावून, हात चोळत, कबाब कुठे आहे म्हणून अरबीत विचारले, "वेन कबाब?"

कबाब कुठला! इब्राहिमभाईंनी आणलेली पोती बार्बेक्यूच्या पेलेटची निघाली. लाकूडच, पण मांस भाजताना खमंग धूर यावा म्हणून मुद्दाम तसे केलेले.

"मशीनला चालतं हे," विनायक अवघडून म्हणाला.

"आम्हाला चालत नाही!" रुमालाआडून नाना.

पोती पोहोचवून रात्री मुक्कामाला राहिलेल्या इब्राहिमभाईंनी कपाळावर हात मारला. "होलसेलवाला बोलला, सगल्यात बेस्ट हाच! मना काय ठाव, तुमचो देव शाकाहारी!"

अबू खालिदना आम्ही मुगाची खिचडी वाढली. त्यांनी ताटलीत इकडेतिकडे बराच शोध घेतला, मग सगळी संपवली. उरलेली पोती इब्राहिमभाईंनी अबू खालिदांच्या अंगणातल्या शेगडीसाठी देऊन टाकली.

*

त्यानंतर मी निश्चय केला. आक्कांचा नेम पार पडेपर्यंत टाकीचे झाकण माझ्या परवानगीविना उघडणार नाही! रोज सर्वांआधी पोहोचायचे आणि टाकीशेजारी जपमाळ घेऊन बसायचे.

"धनावर नाग बसतो, तसे काका बसलेत," सुनंदा म्हणाली. म्हणू दे.

विनायकने स्वतः योग्य पेलेट आणले आणि ते ओळखायची खूणही दाखवली. पेल्यातल्या पाण्यात कांडी टाकायची. चांगली असेल तर तळाशी जाते, आणि हळूहळू विरून तिचा भुसा होतो. नानांनी ती बुडताना पाहिली. तेवढ्यात आरती सुरू झाली म्हणून ते उठले. विरताना त्यांनी पाहिली नाही.

*

भोगीची पहाट. नेमाचा शेवटचा दिवस. तीळ लावलेल्या भाकरीचा वास सुटलेला, आक्का शाल गुंडाळून पाटावर बसलेल्या. टाकी रिकामी होत आली होती, म्हणून विनायक कोठीतले नवे पोते आणायला गेला आणि तिथूनच ओरडला, "हे कोणी केलं?"

पोत्यात पेलेट नव्हतेच. ओल्या भुशाचा फुगलेला लगदा होता.

नाना पुढे आले. "मी काल दुपारी धुऊन ठेवले. तांदूळ धुतो, भाजी धुतो. शेवटच्या नैवेद्याला इंधन तेवढं पारोसं कसं चालेल?"

मी टाकी राखली, पोते राखले नव्हते! इतक्या पहाटे दुकाने बंद. बॉयलरने दोन आचके दिले आणि तो थंडावला. फरशीतून गारवा चढू लागला. आक्कांनी पाय पोटाशी घेतले, पण टाळ खाली ठेवले नाहीत. "सुरू करा रे," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता.

तेवढ्यात दार वाजले. अबू खालिद! धनुर्मासभर त्यांना खिचडीची सवय लागली होती. विनायकने त्यांना रिकामी टाकी दाखवली. ते "यल्ला", म्हणजे चला, म्हणून माघारी वळले आणि खांद्यावर एक पोते घेऊन आले.

तेच पोते. इब्राहिमभाईंचे.

विनायकने कांडी पाण्यात टाकली. बुडाली. कोरडे होते, लाकूड होते. त्याने नानांकडे पाहिले. "मशीनला चालेल. तुम्हाला?"

नानांचा हात रुमालाकडे गेला. त्यांनी आक्कांच्या पोटाशी घेतलेल्या पायांकडे पाहिले, रुमालाची घडी घातली, तो खिशात ठेवला आणि टाळ उचलले.

"पेटव," ते म्हणाले. "आणि मंडळी, आरती जरा खणखणीत म्हणा. देवाचं लक्ष वासाकडे जायला नको!"