मोहोळाच्या आकाराची खोली

लढाई संपल्यावर माझे यजमान ब्रह्मदेशातून घरी आले ते एक लोखंडी ट्रंक आणि एक सिद्धांत घेऊन. सफरमैना पलटणीत त्यांनी बांबूचे पूल बांधले होते. तेव्हापासून माणसाने बांधलेले काहीच त्यांच्या पसंतीस उतरत नसे. "निसर्गाकडून शिकलं पाहिजे," असे ते म्हणत. पाटणजवळच्या आमच्या गावात निसर्ग वर्षातले चार महिने छपरातून घरात येतच असे. त्याची वेगळी शिकवणी कशाला, हे मला कळले नाही.

मला फक्त एक खोली हवी होती. ओसरीवर मी मुलींचा वर्ग चालवत असे. पावसाळ्यात ओसरी भिजली की वर्ग बंद पडे, आणि एकदा घरी बसलेली मुलगी परत येत नसे. बापांना निमित्तच हवे असायचे.

यजमानांनी मनावर घेतले. आठ दिवस ते परसातल्या मोहोळाकडे, पुरेसे लांब बसून, टक लावून पाहत होते. मग षटकोनी खोलीचा नकाशा निघाला. "मधमाशी कमी मेणात जास्त जागा करते," ते म्हणाले. मधमाशीला फळा टांगायचा नसतो, असे मी म्हटले. त्याची नोंद झाली नाही.

चैत्रात बांबू तोडून आणला. बांधायला आलेल्या बुरुडाने एक कांब उचलली, हुंगली आणि खाली ठेवली.

"आवं सायेब, कळक ह्या दिसात तोडत्यात व्हय? आत्ता त्यो गोड असतोय. किडा खाईल. पौषात, अंधाऱ्या पाखात तोडायचा आन् वढ्यात बुडवून ठेवायचा."

"किड्याला पंचांग वाचता येतं का?"

"वाचाय न्हाई येत. चव कळती त्येला."

मी हसले, पण बुरुडाला कामाला लागायला सांगितले. पौषापर्यंत थांबले असते तर आणखी एक पावसाळा हातचा गेला असता.

मृगाआधी खोली उभी राहिली. देखणी होती, हे कबूल करते. वाऱ्याला जराही हलली नाही. श्रावणात मात्र मुलींच्या पाट्यांवर बारीक पिवळट पीठ पडू लागले आणि वरून कुरकुर ऐकू येऊ लागली. यजमानांनी मधमाशीला गुरू केले होते. भुंगेऱ्याला विचारायचे राहून गेले होते.

एका मुलीचे वडील दारात आले. "बाई, पोरगी डोस्क्यात पीठ घिऊन घरी येती. उद्या वासा घिऊन यील. आता न्हाई धाडायची."

"उद्या वर्ग दुसरीकडे भरेल. धाडा."

"कुटं?"

"या घरातच," मी ठोकून दिले. घरात कोरडी आणि ऐसपैस खोली एकच होती, यजमानांची. दुपारी मी मोलकरणीला हाताशी घेतले आणि त्यांची खाट, ट्रंक आणि नकाशे षटकोनात नेऊन ठेवले.

"अगं, हे काय?"

"मुलींना तिथे बसवायला मला धीर होत नाही. तुमचा त्या छपरावर विश्वास आहे, तुम्ही झोपा."

दुसऱ्या दिवशी झाडून साऱ्या मुली आल्या, तीही आली. यजमानांनी तीन रात्री बाणेदारपणे काढल्या. चौथ्या सकाळी, मिशीला पीठ तसेच ठेवून, ते चहासुद्धा न घेता बुरुडाच्या घराकडे निघाले. तिथे काय बोलणे झाले ते मी कधी विचारले नाही. मी तेव्हा पाढे घेत होते.